जस्त, तांबं आणि ताईसाहेब

९ जानेवारी

माझा स्वयंपाक निकृष्ट! हे मला आज माझ्याच घरात, माझ्याच टेबलाशी, माझ्याच हातची डाळ समोर वाफाळत असताना कळलं.

नवऱ्याच्या पित्ताशयात खडे निघाले त्याला आठवडा झाला. सोनोग्राफीवाला म्हणाला, बरेच आहेत. सर्जन म्हणाले, पित्ताशय काढून टाकू, दुर्बिणीतून करतो, फार काही नाही. मी म्हटलं, तारीख द्या. नवरा म्हणतो, "ताईला विचारून सांगतो." पन्नाशीला आलेला माणूस! पोट याचं, खडे याचे, आणि विचारायचं थोरल्या बहिणीला!

तर ताईसाहेब आल्या. दोन गल्ल्या पलीकडे एकट्या राहतात. शाळेत विज्ञान शिकवायच्या. निवृत्त झाल्या, पण शिकवणं कुठे सुटलंय? शाल अंगाभोवती घट्ट, दोन्ही हात शालीत. पर्समधला कागद काढायचं कामसुद्धा भावाला सांगितलं. "तो घे. वाच. मोठ्याने वाच."

आणि हा वाचायला लागला! कुठल्याशा संशोधकांनी पुष्कळ लोकांच्या खाण्याचा अभ्यास केला. ज्यांच्या जेवणात जस्त, तांबं, मँगनीज असली सूक्ष्म खनिजं कमी, त्यांच्यात पित्ताचे खडे जास्त दिसले. एवढं वाचून झाल्यावर ताईसाहेब माझ्याकडे वळल्या.

"याला रोज रांधून कोण घालतं?"

नवरा कागदाची घडी घालत बसला. घडीवर घडी. 

१० जानेवारी

तो कागद आज ऑफिसात नीट वाचला. शेवटच्या परिच्छेदात संशोधकांनीच लिहून ठेवलंय — हा नुसता संबंध दिसला, हेच कारण आहे असं यावरून म्हणता येत नाही. ताईसाहेबांचं पिवळं पेन तिथपर्यंत पोचलेलंच नाही. सोयीचं तेवढं रंगवायचं!

१३ जानेवारी

आज दुसरं सत्र. आरोप वाढले. मी भाजी उकडून पाणी मोरीत ओतते — सगळी खनिजं मोरीला. मी भाजी आधी चिरते आणि मग धुते. मी नोकरी करते म्हणून घाईघाईत काहीतरी शिजवून मोकळी होते. माझ्या आईने मला काही शिकवलं नाही हे तेवढं बोलायचं राहिलं, पण चेहऱ्यावर होतंच.

"मला चांगलं ठाऊक आहे तुझ्या डाळीत काय असतं," म्हणाल्या. "पाणी!"

यांना कसं ठाऊक? सासूबाई गेल्यापासून या बाईने आमच्याकडे घोटभर चहा घेतलेला नाही. कप पुढे केला की "नको, आत्ताच झाला." कप उचलणार नाही, ताट सरकवणार नाही, हात म्हणून शालीबाहेर काढणार नाही. आपल्या घरी सगळं वजन करून शिजवते म्हणे — इतके ग्रॅम हे, इतके ग्रॅम ते. असेल. मी काही बघायला गेले नाही, आणि जाणारही नाही.

शेवटी निकाल लागला. ऑपरेशन नको. तीन महिने भोपळ्याच्या बिया, तीळ, अक्रोड, मसूर. खनिजं भरून काढायची, मग पुन्हा सोनोग्राफी. "आधी शरीराला त्याचं देणं द्यावं, मग सुरी लावावी." नवऱ्याने मान डोलावली. सर्जनला फोन करून तारीख नको म्हणून कळवायचं. तो फोनही मीच करायचा!

१७ जानेवारी

सकाळी दाढी करताना कळ आली. अर्ध्या गालाला फेस, आणि बाथरूमची चौकट धरून उभा. घामाने चिंब. उजव्या बाजूने पाठीत, खांद्यापर्यंत. मी घाबरले. खरंच घाबरले, इथे लिहायला काय हरकत आहे. फेस पुसायचंही सुचलं नाही, तसाच रिक्षात घातला.

इंजेक्शनने थांबली कळ. सर्जन मला बाजूला घेऊन म्हणाले, "आता निवांतपणे करता येईल. एखादा खडा सरकून नळीत अडकला तर कावीळ होईल, स्वादुपिंडाला सूज येईल. मग निवांतपणा राहणार नाही."

घरी येताना नवऱ्याला हेच सांगितलं. तो खिडकीबाहेर बघत म्हणतो, "ताई म्हणत होती की —"

पुढचं मी ऐकलं नाही. म्हणजे बोलू दिलं नाही. रिक्षावाल्याने आरसा सरळ करून आमच्याकडे बघितलं.

१८ जानेवारी

बिया! सकाळी बिया, संध्याकाळी बिया. पोपट पाळल्यासारखं वाटतंय.

२० जानेवारी

एवढी साधी गोष्ट मला आधी का सुचली नाही?

मी काम करते पाण्याच्या प्रयोगशाळेत. अख्खं शहर पितं त्या पाण्यात लोखंड किती, तांबं किती, जस्त किती हे रोज मी मोजते. माझ्या सहीशिवाय पाणी पिण्याजोगं ठरत नाही. आणि माझ्या डाळीत जस्त नाही हे मला शाळामास्तरीण सांगणार?

मोजायचं. आठवडाभर जे जे शिजवीन त्यातलं नवऱ्याच्या वाटणीइतकं वेगळं काढायचं — नाश्ता, दुपारच्या डब्यातलं, रात्रीचं. वाटून एकजीव करायचं. वाळवायचं. भट्टीत जाळून राख करायची, राख आम्लात विरघळवायची, मशीनला लावायची. जे असेल ते बाहेर येईल. साहेबांना म्हटलं, सुट्या वेळात करीन, सामान माझं. साहेब म्हणाले, "घरगुती भांडण दिसतंय." मी म्हटलं, "संशोधन आहे."

२२ जानेवारी

भट्टीत डाळ-भाताची राख होताना सगळ्या मजल्यावर करपलेला वास. पलीकडच्या टेबलावरचा सहकारी — त्याला आम्ही सगळे चष्मा म्हणतो, तोही स्वतःला चष्माच म्हणतो — नाक धरून आला. "काय गं, आज डबा जरा जास्त गरम केलास?"

त्याला सगळं सांगितलं. पोट धरून हसला. मग गंभीर होऊन म्हणाला, "आणि खरंच कमी निघालं तर?"

या शक्यतेचा मी विचारच केला नव्हता. दुपारभर डोक्यात भुंगा. संध्याकाळी भाजी उकडली आणि पाणी ओतायच्या आधी तशीच उभी राहिले. मग ओतलं. नेहमी ओतते तर ओतायलाच हवं, नाहीतर नमुना खोटा. कामात लबाडी नाही. ताईसाहेबांसाठी तर मुळीच नाही.

२९ जानेवारी

जिंकले!

जस्त भरपूर. तांबं भरपूर. मँगनीज हवं त्याहून जास्तच. मशीनवर दोनदा लावलं, चष्म्याने स्वतः आकडे तपासले. "वहिनीसाहेब, तुमची डाळ पिण्यायोग्य आहे," असं म्हणून टाळ्या वाजवल्या गाढवाने.

संध्याकाळी ताईसाहेब आल्या तशी मी अहवाल टेबलावर ठेवला. ठेवला म्हणजे आपटलाच. त्यांनी मान वाकवून वाचला. कागद हातात धरायचेही कष्ट नाहीत! टेबलावरच राहू दिला, बराच वेळ वाचला. मला वाटलं, आता काय बोलणार बिचारी.

"मशीन तुझं, डाळ तुझी, निकालही तुझाच," म्हणाल्या. "परीक्षेचा पेपर मुलांनीच तपासला तर सगळेच पहिले येतात."

तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "ताई, मग तुमच्या स्वयंपाकघरातलं आणा. तेही जाळते." खरंच म्हटलं! नवऱ्याला ठसका लागला. ताईसाहेब उठल्या, शाल सावरली आणि निघून गेल्या. दार माझ्याकडून जोरात लागलं. वाऱ्याने नाही.

२ फेब्रुवारी

अजून तारीख नाही. तीन महिने म्हणजे तीन महिने म्हणे.

५ फेब्रुवारी

त्याची पँट इस्त्री करताना पट्टा हातात आला. नवं भोक पाडलंय, खिळ्याने. जुन्या भोकापासून चांगलं लांब. कधीपासून उतरतोय हा? मी रोज बघते, आणि रोज बघते म्हणूनच दिसलं नाही.

त्याला म्हटलं, बिया आणि अक्रोड खाऊन कुणी वाळतं का? म्हणाला, "जेवायला बसलं की तुम्ही दोघी माझ्या ताटात बघता. घास मोजता. घशाखाली कसा उतरेल?"

मला आणि तिला एका माळेत ओवलं! मी त्याच्याशी दिवसभर बोलले नाही.

१० फेब्रुवारी

सकाळी उजेडात बघितलं तर डोळे पिवळे. लघवी चहासारखी. तोंडातून शब्द फुटत नव्हता इतकी कळ.

जे होऊ नये म्हणून मी महिनाभर कंठशोष केला तेच झालं. खडा नळीत. आता आधी तोंडातून दुर्बीण घालून तो काढणार, सूज उतरली की मग पित्ताशय. निवांतपणा संपला.

ताईसाहेब आल्या. कॉरिडॉरमधल्या बाकावर बसल्या, भिंतीकडे बघत. मी समोर जाऊन उभी राहिले. साठलेलं सगळं बाहेर पडलं. तुमचा कागद, तुमच्या बिया, तुमचे तीन महिने. माणूस मरायला टेकला तरी तुम्हाला माझ्या पातेल्यात जस्त शोधायचंय! याला काही झालं तर माझ्या दारात पाऊल ठेवू नका. नर्स धावत आली, म्हणाली हे हॉस्पिटल आहे. मी म्हटलं, माहीत आहे मला, म्हणूनच बोलतेय.

  ताईसाहेब उलटून बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. मला अजून बरंच बोलायचं होतं.

११ फेब्रुवारी

खडा काढला. डोळ्यांचा पिवळेपणा उतरतोय म्हणतात. मला तसाच दिसतो.

१२ फेब्रुवारी

आज सर्जन खुर्ची ओढून बसले. वजन किती उतरलं, कधीपासून, सगळं विचारलं. मग त्याला म्हणाले, "दुपारी काय जेवता?"

मी सांगायला तोंड उघडलं. डबा. डाळ, भात, भाजी, वर कोशिंबीर. सर्जन म्हणाले, "त्यांना बोलू द्या."

नवरा छताकडे बघत होता. म्हणाला, "चहा."

"नुसता चहा?"

"हो."

"किती दिवस?"

"बरेच. आई गेल्यापासून."

सर्जन म्हणाले, सकाळी दोन घास, मग थेट रात्री. पित्ताशय रिकामं व्हायला पोटात जेवण पडावं लागतं. रोज असं तासन् तास उपाशी राहिलात तर पित्त साचतं, घट्ट होतं. त्यात वजन झपाट्याने उतरलं. खडे व्हायला पुरेसं आहे. मी खनिजांचं विचारलं. म्हणाले, "त्याचेही अभ्यास चालू आहेत. पण खाल्लंच नाही तर कुठलं खनिज जाणार पोटात?"

आणि मी! नवीन माणूस कामावर आला की पहिल्या दिवशी मीच शिकवते — नमुना टाकीतून घ्यायचा नाही. टाकीत पाणी चांगलंच असतं. लोक ज्या नळाचं पितात त्या नळाखाली बाटली धरायची. मधे पाइप कुठे फुटलाय कोण सांगणार? आणि घरी आठवडाभर मी काय केलं? पातेल्यातून नमुना घेतला. पातेल्यातून! मशीनवर दोनदा लावला. चष्म्याने टाळ्या वाजवल्या.

डबा तर रोज रिकामा यायचा. धुऊन यायचा. घरात ग्लास न विसळणारा माणूस डबा धुऊन आणतो याचं मला कौतुक वाटायचं, शेजारणीला सांगायचे मी. मग जेवतं कोण? विचारलं.  पुन्हा विचारलं. डोळे मिटून घेतले.

कोण आहे ती?

१३ फेब्रुवारी

ऑपरेशन झालं. नीट झालं. देवाचे, सर्जनचे, सगळ्यांचे उपकार.

खडे बरणीत घालून माझ्या हातात दिले. मटकीएवढे, हिरवट काळे. एवढ्याशा चिमूटभर गोष्टीने घर डोक्यावर घेतलं.

१४ फेब्रुवारी

सांगितलं त्याने. भूल पुरती उतरली, दोन घोट पाणी प्यायला, आणि पहिलं वाक्य — "चार दिवस झाले, ताईकडे डबा गेला नाही."



सासूबाई होत्या तोवर त्या ताईसाहेबांकडे राहून स्वयंपाक करायच्या. त्या गेल्या. ताईसाहेबांचे हात थरथरतात. आधी थोडे, आता फार. सुरी धरवत नाही, भांडं उचलवत नाही. एकदा गॅस लावताना पदर पेटला. याने पाहिलं. "कुणाला सांगशील तर माझं मेलेलं तोंड बघशील," म्हणाली. वजन करून शिजवते वगैरे सगळी थाप. तेव्हापासून हा दुपारी ऑफिसातून निघतो, तिला डबा भरवतो — हो, भरवतो, चमच्याने! — डबा विसळतो आणि चहा पिऊन परत कामावर. दुसरा डबा मागितला असता तर मी का म्हणून विचारलं असतं. बाहेरचं खायची याला सवय नाही. चालवून घेतलं म्हणे!

"आणि तिने विचारलं नाही, तुझं काय?"

"तिला सांगितलंय, तू दोन डबे भरतेस. दोन्ही माझ्यासाठीच समजून, त्यातला एक मी तिला आणतो. मी ऑफिसात आधीच जेवून येतो. नाहीतर तिने घास घेतला नसता."

अंगाचा तिळपापड झाला. रोज माझ्या हातचं खायचं आणि रोज माझ्या टेबलाशी येऊन त्यालाच नावं ठेवायची! ठाऊक आहे तुझ्या डाळीत काय असतं — ठाऊक असणारच! हात शालीत का, तेही कळलं. मला काय परकी समजलात? माझ्याच स्वयंपाकघरातून चोरून? आणि हा चोर त्याहून मोठा. स्वतःचं पोट जाळून बहिणीचा मान राखला, बायकोला पत्ता नाही. त्याच्यावर ओरडावं तर टाके.

पण आता माझ्याकडे उत्तर आहे. नळाखाली बाटली धरून घेतलेलं. कुणाच्या स्वयंपाकाने खडे झाले नाहीत. त्याचं जेवण कुणाच्या पोटात गेलं ते मला माहीत आहे, आणि उद्या दुपारी तिच्या दारात उभी राहून सांगणार आहे. कुणाचं ऐकणार नाही. नवरा म्हणाला, "नको, तिला सहन व्हायचं नाही." मला झालं ते?

१५ फेब्रुवारी

गेले. काय काय बोलायचं ते रस्ताभर घोकत गेले. डबाही नेला होता — बोलून झाल्यावर समोर ठेवणार होते, की घ्या, हे तुमचं!

कडी काढायला तिला फार वेळ लागला. टेबलावर बिस्किटांचा पुडा, दातांनी फाडलेला. खाली चुरा. शाल नव्हती अंगावर. हात लपवायचेही राहून गेले.

डबा बघून खुर्चीत बसली. म्हणाली, "तू मोजलंस ना सगळं? मला खरं सांग. कशाने झालं त्याला हे? माझ्यामुळे झालं का गं?"

मी चमचा शोधला. पहिला घास भरवला.

म्हटलं, "जस्त कमी पडलं, ताई. माझ्याच डाळीत."

तिने घास गिळला. "मी सांगतच होते," म्हणाली.